वेदीसमोरचे लॅटिन समूहगायन : प्रस्तावना

पश्चिम युरोपातील चर्चमध्ये लॅटिन भाषेतून होणाऱ्या उपासनेसाठी जे गायन हजार वर्षांहून अधिक काळ रचले, लिहिले आणि गायिले गेले, ते आज बहुतांशी ध्वनिमुद्रणांत आणि मैफलींच्या सभागृहांत ऐकू येते. या दोन्ही ठिकाणी ते ज्या कामासाठी जन्माला आले त्या कामापासून सुटे होऊन समोर येते, आणि त्यामुळे त्याचे सौंदर्य श्रोत्याला जाणवले तरी त्या सौंदर्यामागची कारणे त्याच्या हाती लागत नाहीत. भराभर चाललेली रचना एखाद्या ओळीपाशी येऊन एकाएकी संथ का होते, सहा आवाजांच्या गायनात मध्येच तीन-चारच आवाज का उरतात, काही भागांत शब्द लखलखीत ऐकू येतात आणि काही भागांत एकाच शब्दाभोवती सुरांची दीर्घ वळणे का घेतली जातात, या प्रश्नांची उत्तरे संगीतशास्त्राच्या नियमांत अंशतःच मिळतात. उरलेली उत्तरे वेदीपाशी त्या क्षणी काय चालले होते यात दडलेली असतात. म्हणून या विषयात प्रवेश करणाऱ्या मराठी वाचकाने स्वरलिपीच्या आधी विधीची ओळख करून घ्यावी, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे.

कॅथलिक उपासनेचे दोन मोठे विभाग आहेत. पहिला मिस्सा, म्हणजे येशू ख्रिस्ताने शिष्यांसमवेत घेतलेल्या शेवटच्या भोजनाचे स्मरण करून भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा विधी. या विधीत गायिल्या जाणाऱ्या मजकुराचा एक भाग नित्य, तर दुसरा नैमित्तिक असतो. नित्य भागात, ज्याला लॅटिनमध्ये ‘ऑर्डिनारियम’ म्हणतात, पाच मजकूर येतात : दयेची याचना करणारा ‘किरिए’, जो तेवढा ग्रीक भाषेतच राहिला, देवाच्या महिम्याचे गान असलेला ‘ग्लोरिया’, श्रद्धेची एकेक कलमे उच्चारणारा ‘क्रेडो’, पावित्र्याचा त्रिवार घोष करणारा ‘सांक्तुस’, आणि देवाच्या कोकराला दयेची व शांतीची विनवणी करणारा ‘आन्यूस देई’. नैमित्तिक भाग म्हणजे ‘प्रोप्रियम’ मात्र सणाप्रमाणे आणि रविवाराप्रमाणे बदलतो. त्यात प्रवेशगीत, दोन वाचनांमधले गीत, अर्पणगीत, प्रसादग्रहणाच्या वेळचे गीत असे भाग असतात. एखाद्या संगीतकाराने ‘मिस्सा’ रचली असे म्हटले जाते तेव्हा सामान्यतः पाच नित्य भागांची एकसंध रचना अभिप्रेत असते, आणि यामागे व्यवहाराचे एक साधे कारण होते, ते असे की नैमित्तिक भागासाठी केलेली रचना वर्षातून एकदाच कामी येई, तर नित्य भागाची रचना वर्षभरात अनेकदा गाता येई.

दुसरा विभाग प्रहरांच्या प्रार्थनांचा आहे. देवळात काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत दिवस जसा बांधलेला असतो, तसा मठवासीयांचा दिवस रात्रीच्या उत्तरार्धातील ‘मातुतिनुम’पासून निजण्यापूर्वीच्या ‘कोम्प्लेतोरियुम’पर्यंत आठ प्रार्थनांनी बांधलेला असे, आणि सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या नियमानुसार बायबलमधील दीडशेही स्तोत्रे दर आठवड्याला एकदा पूर्ण म्हटली जात. संगीताच्या दृष्टीने यांपैकी सायंप्रार्थना सर्वांत समृद्ध, कारण तिच्यात पवित्र मरियेचे स्तोत्र ‘मॅग्निफिकाट’ येते. त्याची एक ओळ एकसुरी परंपरागत चालीत आणि पुढची ओळ अनेक आवाजांत, अशी आलटून-पालटून गाण्याची रीत शतकानुशतके चालली. पवित्र सप्ताहाच्या अखेरच्या तीन दिवसांत रात्रीची आणि पहाटेची प्रार्थना एकत्र होई. ‘टेनेब्रे’ म्हणजे ‘अंधार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या विधीत त्रिकोणी दीपवृक्षावरील पंधरा मेणबत्त्यांपैकी एक वगळून बाकीच्या एकेक स्तोत्रानंतर एकेक करून विझवल्या जात आणि यिर्मया संदेष्ट्याचे विलाप गायिले जात. मूळ हिब्रू काव्यात ही कडवी वर्णमालेच्या क्रमाने रचलेली असल्यामुळे लॅटिन भाषांतरातही प्रत्येक कडव्याआधी ‘आलेफ’, ‘बेथ’ ही हिब्रू अक्षरांची नावे तशीच ठेवली गेली, आणि संगीतकारांनी ज्यांना अर्थ नाही अशा या अक्षरांवर आपल्या सर्वांत विस्तृत आणि करुण सुरावटी रचल्या. शब्दार्थाचे ओझे नसलेल्या जागी संगीताला किती मोकळीक मिळते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

या सर्व परंपरेचा पाया म्हणजे ‘ग्रेगोरियन चांट’ या नावाने प्रसिद्ध असलेले एकसुरी गायन. सर्व गायक एकच सुरावट, वाद्याच्या साथीशिवाय आणि ठरावीक तालाच्या आवर्तनाशिवाय, मजकुराच्या वजनानुसार गातात. या गायनाला इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोपपदावर असलेल्या ग्रेगरी पहिले यांचे नाव मिळाले आणि एक कबुतर त्यांच्या कानाशी बसून सुरावटी सांगत आहे अशी चित्रेही काढली गेली. परंतु आज उपलब्ध असलेला सुरावटींचा साठा प्रामुख्याने आठव्या-नवव्या शतकांत, रोमची गायनपद्धती फ्रँक राजांच्या प्रदेशात नेली गेली तेव्हा दोन्हींच्या मिश्रणातून घडला, असे अभ्यासक मानतात. शार्लमेन आणि त्याच्या वडिलांना आपल्या विस्तीर्ण राज्यात एकच उपासनापद्धती हवी होती, आणि दूरदूरच्या मठांत तेच गायन तसेच व्हावे या गरजेतूनच ते लिहून ठेवण्याची निकड निर्माण झाली. नवव्या शतकापासून मजकुराच्या डोक्यावर ‘न्यूमा’ नावाच्या खुणा दिसू लागतात. त्या सुराचा चढउतार सुचवीत, पण नेमका स्वर सांगत नसत, म्हणजे ज्याला चाल आधीच पाठ आहे त्यालाच त्यांचा उपयोग होई.

ही अडचण ज्याने दूर केली तो अरेत्सोचा ग्विदो हा अकराव्या शतकातील भिक्षू गायनशिक्षक होता. रेषांवर आणि रेषांमधील जागांवर स्वर मांडण्याची पद्धत त्याने निश्चित केली आणि मुलांना अपरिचित चाल पाहून गाता यावी यासाठी योहान बाप्तिस्त याच्या एका स्तोत्राचा उपयोग केला, ज्याची प्रत्येक अर्धओळ आधीच्या अर्धओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. त्या अर्धओळींची पहिली अक्षरे घेऊन ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ ही स्वरनामे तयार झाली. पुढे ‘उत’च्या जागी ‘दो’ आले आणि सातवा ‘सी’ जोडला गेला. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना जो ‘सोल्फा’ घोकावा लागे त्याचे मूळ या एका स्तोत्रात आहे.

भारतीय संगीतात घडलेल्या कानाला ग्रेगोरियन चांट लवकर आपलासा वाटतो, कारण तेथेही एकच सुरावट आहे, आठ ‘मोड’ म्हणजे स्वररचनेच्या आठ चौकटी आहेत आणि विशिष्ट स्वरावर विसावण्याची ओढ आहे. खरी नवी सवय लावून घ्यावी लागते ती ‘पॉलिफोनी’साठी, म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी गाण्याच्या पद्धतीसाठी. तिचा आरंभ साधा होता : नवव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथांत मूळ चालीला चार किंवा पाच स्वरांच्या अंतरावर समांतर जाणारी दुसरी ओळ जोडण्याची रीत सांगितलेली आहे. बाराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या परिसरात लेओनँ आणि पेरोतँ या नावांशी जोडला गेलेला रचनासंग्रह तयार झाला, आणि त्यातील पेरोतँच्या चार आवाजांच्या रचनांमध्ये मूळ चालीचा एकेक स्वर इतका लांबवला गेला, की त्यावर उरलेले तीन आवाज लयबद्ध तुकड्यांत खेळत असताना खालचा टेनर तंबोऱ्याच्या स्वरासारखा अचल भासतो. ‘टेनर’ हा शब्दच मुळात चाल धरून ठेवणाऱ्या आवाजासाठी आहे. परंपरेने दिलेली चाल टाकून न देता तिच्यावर नवे बांधकाम करायचे, हे धोरण पुढील चारशे वर्षे टिकले. चौदाव्या शतकात ग्योम द माशो याने पाचही नित्य भागांची चार आवाजांची मिस्सा रचली, २५ मार्च १४३६ रोजी ब्रुनेलेस्कीच्या नव्या घुमटाखाली फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचे समर्पण झाले तेव्हा ग्योम द्युफायची मोटेट गायिली गेली, आणि १५२१ मध्ये निधन पावलेल्या जोस्कँ दे प्रे याने सर्व आवाजांना समान दर्जा देऊन एका आवाजाने मांडलेला सुरांचा तुकडा दुसऱ्याने, मग तिसऱ्याने उचलावा अशी अनुकरणाची पद्धत परिपूर्ण केली. मोटेट म्हणजे मिस्सेच्या नित्य भागाबाहेरील लॅटिन धार्मिक मजकुरावरची अनेक आवाजांची रचना. तिचे मजकूर बायबलमधून, जुन्या प्रार्थनांतून किंवा सणाच्या गीतांतून घेतले जात.

हे गायन प्रत्यक्षात कसे होई, हेही ध्यानात ठेवायला हवे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील गायक एका उंच घोडीवर ठेवलेल्या मोठ्या ग्रंथासमोर दाटीने उभे राहत. समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्रपणे लिहिलेली असे, म्हणजे आज जशी सर्व आवाजांची एकाखाली एक मांडणी असते तशी ती नव्हती, आणि मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेषाही नव्हत्या. कोणीतरी हात खाली-वर करून समान गती दाखवी. प्रत्येक गायकाला दुसऱ्याची ओळ दिसत नसल्याने ती ऐकूनच आपली जागा सांभाळावी लागे. चर्चमधील गायकवृंदांत स्त्रियांना स्थान नव्हते, त्यामुळे वरचे आवाज मुले किंवा कृत्रिम उंच आवाजात गाणारे पुरुष गात, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लहानपणीच शस्त्रक्रिया झालेले ‘कास्त्राती’ गायकही गाऊ लागले. या शेवटच्या प्रथेमागची क्रूरता त्या काळच्या संगीताच्या मोठेपणाने झाकली जात नाही. मठवासी स्त्रिया मात्र आपल्या मठात स्वतः गात, आणि कित्येक मठांची कीर्ती त्यांच्या गायनामुळेच दूरवर पसरली होती.

आता विधी आणि रचना यांचा सांधा पाहता येतो. क्रेडोमध्ये देव मानव झाला असे सांगणारे शब्द येतात तेव्हा उपासक गुडघे टेकत. म्हणून संगीतकार नेमक्या त्या शब्दांपाशी गुंतागुंत थांबवून सर्व आवाज एकत्र, संथ आणि दीर्घ स्वरांत आणतात. ज्याला हे गुडघे टेकणे ठाऊक नाही त्याला तो केवळ एक सुंदर विराम वाटतो. सांक्तुस गायिला जात असताना धर्मगुरू अर्पणाची मुख्य प्रार्थना हळू आवाजात म्हणत, आणि त्यानंतर भाकर व प्याला उंचावून दाखवला जाई. त्या क्षणानंतर येणारा सांक्तुसचा उत्तरभाग ‘बेनेदिक्तुस’ अनेकदा कमी आवाजांत रचला जातो, त्यामुळे गायन विरळ आणि अंतर्मुख होते. किरिए आणि आन्यूस यांचे शब्द मोजके आणि पुनरावृत्त असल्याने तेथे सुरावटी हव्या तितक्या फुलवता येतात, तर ग्लोरिया आणि क्रेडो यांचा मजकूर लांब असल्याने तेथे शब्दांना पुढे ढकलत न्यावे लागते, कारण वेदीवरचा विधी गायनासाठी अनिश्चित काळ ताटकळत ठेवता येत नाही. सर्वश्रेष्ठ रचनाकारांनी या बंधनाकडे अडथळा म्हणून पाहिले नाही, तर रचनेला आकार देणारे साधन म्हणून त्याचा स्वीकार केला.

शब्द ऐकू येणे की सुरांचा विलास, हा प्रश्न सोळाव्या शतकाच्या मध्यास चर्चच्या सर्वोच्च सभेपर्यंत गेला. प्रोटेस्टंट सुधारणेला उत्तर देण्यासाठी १५४५ ते १५६३ या काळात अधूनमधून भरलेल्या त्रेंतच्या परिषदेने १५६२ मध्ये चर्चमधून अशुद्ध आणि कामुक संगीत हद्दपार करण्याचा आदेश दिला. पॉलिफोनीवर मात्र तिने बंदी घातली नाही. पुढे रोममध्ये कार्डिनलांच्या एका समितीने १५६५ मध्ये काही मिस्सा गाऊन घेतल्या आणि शब्द समजतात की नाही हे तपासले. या घटनेभोवती अशी आख्यायिका रचली गेली, की पॉलिफोनी संपूर्ण बंद होण्याच्या बेतात असताना ज्योव्हान्नी पियेरलुईजी दा पालेस्त्रिना याने ‘मिस्सा पापे मार्चेली’ ही सहा आवाजांची रचना सादर करून तिला वाचवले. ही कथा सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळते आणि १९१७ मध्ये हान्स फिट्झनर याने तिच्यावर रचलेला आख्खा ऑपेरा रंगभूमीवर आला. परंतु त्या समितीसमोर हीच मिस्सा गायिली गेली असे सांगणारा विश्वसनीय समकालीन पुरावा मिळत नाही. ज्यांचे नाव मिस्सेला आहे ते पोप मार्सेलस दुसरे १५५५ मध्ये अवघे तीन आठवडे पदावर होते. त्या थोड्या दिवसांत त्यांनी गुड फ्रायडेच्या विधीनंतर गायकांना बोलावून प्रसंगाला साजेसे आणि शब्द नीट ऐकू येतील असे गाण्याची ताकीद दिली होती, आणि नावामागचा धागा बहुधा तेथे आहे. मिस्सा छापली गेली १५६७ मध्ये.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी या रचनेचे महत्त्व उणावत नाही, किंबहुना ते अधिक स्पष्ट होते. तिच्या ग्लोरिया आणि क्रेडोमध्ये आवाजांचे गट एकच अक्षर एकाच वेळी उच्चारतात आणि हे गट सतत बदलत राहतात, कधी वरचे चार, कधी खालचे चार, कधी सहाही; त्यामुळे शब्द स्वच्छ पोहोचतात आणि तरीही ध्वनीचा रंग क्षणोक्षणी पालटतो. किरिए आणि आन्यूसमध्ये मात्र तोच रचनाकार अनुकरणाचे जाळे मुक्तपणे विणतो. परिषदेची अपेक्षा त्याने नियम म्हणून पाळली इतकेच म्हणणे पुरेसे नाही. मजकुराच्या लांबीप्रमाणे दोन वेगळ्या रीती वापरून त्याने तो प्रश्नच सोडवला. सुमारे १५२५ मध्ये जन्मलेल्या या माणसाचे आयुष्य रोमच्या चर्चसंस्थांत गेले. विवाहित असल्यामुळे पोप पॉल चौथे यांनी १५५५ मध्ये त्याला आपल्या खासगी प्रार्थनालयाच्या गायकवृंदातून कमी केले, १५७१ पासून मृत्यूपर्यंत तो सेंट पीटर्सच्या ज्युलियन गायकवृंदाचा प्रमुख होता, आणि मधल्या काळात साथीच्या आजारांनी त्याचा भाऊ, दोन मुलगे आणि पत्नी हिरावून नेली. शंभराहून अधिक मिस्सा त्याने रचल्या. त्याच्या शैलीत विसंवादी स्वर तयारी करून येतात आणि एक पायरी उतरून शांत होतात, सुरावटीने मोठी उडी घेतली की ती उलट दिशेने भरून काढली जाते. १७२५ मध्ये योहान योझेफ फुक्स याने या शैलीवर आधारलेले पाठ्यपुस्तक लिहिले आणि हायडन, मोझार्ट, बेथोव्हन यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पाठ्यपुस्तक झाल्यामुळे पालेस्त्रिनाची थोडी हानीही झाली, कारण त्याचे गायन नियमांचा नमुना म्हणून वाचले जाऊ लागले आणि त्यातील उत्कटता मागे पडली.

तोमास लुईस दे विक्तोरिया याच्याबाबत असा गैरसमज होण्याची शक्यता कमी आहे. स्पेनमधील आविला येथे सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला हा संगीतकार तरुणपणी रोमला गेला, तेथेच धर्मगुरू झाला, आणि पालेस्त्रिनाने प्रेमगीतेही रचली असताना याने आयुष्यभर उपासनेबाहेरची एकही रचना प्रसिद्ध केली नाही. १५८५ मध्ये त्याने संपूर्ण पवित्र सप्ताहासाठी लागणारे संगीत एका ग्रंथात छापले. त्यातील टेनेब्रेच्या अठरा रचना चारच आवाजांच्या आणि आखीव आहेत, पण विश्वासघात, एकाकीपणा आणि मृत्यू यांचे शब्द तेथे जितक्या थोडक्यात आणि जितक्या थेट बोलतात तितके त्या शतकात अन्यत्र क्वचित बोलले असतील. मायदेशी परतल्यावर तो माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस मठात विधवा सम्राज्ञी मारिया हिचा धर्मगुरू म्हणून राहिला, आणि १६०३ मध्ये तिचे निधन झाल्यावर त्याने रचलेले मृतांसाठीचे उपासना-संगीत १६०५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या सहा आवाजांच्या रेक्विएममध्ये जुनी एकसुरी चाल बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सोप्रानोत लांब स्वरांनी चालत राहते. श्रोत्याला ती वेगळी ओळखू येईलच असे नाही, परंतु भोवतीचे सर्व आवाज तिच्या आधाराने हलतात.

रोम आणि माद्रिद येथे या संगीतामागे राजसत्ता आणि धर्मसत्ता उभी होती. इंग्लंडमध्ये विल्यम बर्ड याच्या वाट्याला नेमकी उलट परिस्थिती आली. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत कॅथलिक मिस्सा बेकायदा होती, धर्मगुरूंना देहदंड होत असे आणि राष्ट्रीय चर्चच्या उपासनेला न जाणाऱ्यांना दंड भरावा लागे. बर्ड हा राजदरबाराच्या प्रार्थनालयाचा गायक, इंग्रजी उपासनेचाही थोर रचनाकार, आणि १५७५ मध्ये थॉमस टॅलिससह संगीतमुद्रणाची मक्तेदारी मिळालेला राणीचा कृपापात्र. पण तो श्रद्धेने कॅथलिक राहिला आणि त्यासाठी त्याच्या कुटुंबावर वारंवार खटले झाले. १५९२ ते १५९५ या काळात त्याने तीन, चार आणि पाच आवाजांच्या तीन मिस्सा छापल्या, त्याही मुखपृष्ठाशिवाय, मुद्रकाच्या नावाशिवाय आणि वर्षाशिवाय. त्यांची वर्षे छपाईच्या बारीक तपासणीवरून पुढे ठरवावी लागली. पुढे १६०५ आणि १६०७ मध्ये ‘ग्रादुआलिया’ या दोन खंडांत त्याने वर्षातील मोठ्या सणांचे नैमित्तिक भाग रचून दिले, आणि सरदारघराण्यांच्या गावाकडील वाड्यांत, दारे लावून होणाऱ्या मिस्सांना पुरे पडेल असे हे संगीत थोड्या गायकांसाठी आणि आटोपशीर लांबीचे ठेवले. या पार्श्वभूमीवर त्याच्या चार आवाजांच्या मिस्सेचा आन्यूस देई ऐकावा : शांतीची मागणी करणाऱ्या अखेरच्या शब्दांवर आवाज एकापाठोपाठ एक घासत, एका विसंवादातून दुसऱ्या विसंवादात जात राहतात आणि अगदी शेवटी सुटका होते. त्या गाणाऱ्यांना शांतीचा अर्थ प्रार्थनाग्रंथातून शिकावा लागत नव्हता.

सतराव्या शतकापासूनचा इतिहास येथे वेगाने ओलांडणे योग्य ठरेल, कारण वाद्यवृंद आणि एकल गायक आल्यावर हे संगीत ऑपेराच्या शेजारी जाऊन बसते. व्हेनिसच्या सेंट मार्क्समध्ये समोरासमोरच्या सज्ज्यांत वाटलेले गायकवृंद, क्लाउदियो मोंतेव्हेर्दीची १६१० ची सायंप्रार्थना, लुथरपंथीय बाखची बी मायनरमधील लॅटिन मिस्सा आणि मोझार्टचा १७९१ मधील अपूर्ण रेक्विएम हे त्यातील टप्पे सर्वज्ञात आहेत. त्याच वर्षी जून महिन्यात मोझार्टने बाडन या छोट्या गावातील गायकवृंदाच्या प्रमुखासाठी ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही केवळ शेहेचाळीस मात्राखंडांची मोटेट लिहिली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती रेक्विएमहून जवळची आहे, कारण सामान्य गायकवृंदाला, ठरलेल्या सणाला आणि ठरलेल्या वेळेत गाता यावी अशीच ती बेतलेली आहे. ग्रेगोरिओ आलेग्रीचे ‘मिसेरेरे’ आणि ते ऐकून चौदा वर्षांच्या मोझार्टने १७७० मध्ये घरी लिहून काढल्याची हकीकतही प्रसिद्ध आहे. परंतु त्या रचनेत आज सर्वांना मोहविणारा सोप्रानोचा अतिउच्च स्वर आलेग्रीचा नसून एकोणिसाव्या शतकातील लेखनात झालेल्या चुकीच्या जोडणीतून आलेला आहे.

ऑपेराच्या या शेजाराविरुद्ध एकोणिसाव्या शतकात प्रतिक्रिया उमटली. फ्रान्समधील सोलेम येथे १८३३ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मठातील भिक्षूंनी जुनी हस्तलिखिते ताडून चांटच्या मूळ चाली शोधल्या, जर्मनीत पालेस्त्रिनाला आदर्श मानणारी चळवळ उभी राहिली, आणि आंतोन ब्रुकनरने त्या आदर्शाला आपल्या काळच्या स्वरमेळांची जोड देऊन थोडक्या पण अजोड मोटेट रचल्या. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदात्री मानल्या जाणाऱ्या संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप पायस दहावे यांनी आदेश काढून ग्रेगोरियन गायनाला उपासना-संगीताचा सर्वोच्च नमुना ठरवले आणि त्याच्या खालोखाल पालेस्त्रिनाच्या परंपरेला स्थान दिले. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात लोकभाषांना वाव दिला गेला, पण त्याबरोबरच ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान आहे, पॉलिफोनी वर्ज्य नाही आणि हा संगीताचा ठेवा जतन करावा, असेही स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात पहिली गोष्ट झपाट्याने घडली आणि दुसरी फार थोड्या ठिकाणी. लोकांना प्रार्थना स्वतःच्या भाषेत कळावी हा निर्णय योग्यच होता; त्याची किंमत म्हणून गायकवृंद विसर्जित करणे मात्र आवश्यक नव्हते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलसारख्या संस्थेने, जेथे विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड टेरी याने बर्ड आणि टॅलिस यांच्या लॅटिन रचना पुन्हा विधीत आणल्या, दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले आहे.

मराठी वाचकाशी या विषयाचा संबंध फादर थॉमस स्टीफन्स यांच्या रूपाने अगदी थेट जुळतो. बर्डच्याच पिढीतले हे इंग्लिश कॅथलिक मायदेशी श्रद्धा पाळणे कठीण झाल्यावर रोमला गेले आणि १५७५ मध्ये तेथे येशूसंघात दाखल झाले, त्या वेळी पालेस्त्रिना त्याच शहरात सेंट पीटर्सचा गायकवृंद चालवीत होता. १५७९ मध्ये ते गोव्यात पोहोचले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. लॅटिन विधीच्या ऐन बहराच्या काळात रोममध्ये वावरलेल्या या माणसाने नवख्रिस्ती लोकांसाठी लिहिताना ओवी निवडली, आणि चर्चमध्ये ती मोठ्याने म्हटली जाऊ लागली. लॅटिन मिस्सा आणि मराठी ओवी ही दोन्ही एकाच चर्चमध्ये, वेगवेगळ्या प्रसंगी ऐकू येत होती, ही बाब लोकभाषेच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

गोव्यात लॅटिन गायन रुजवले ते चर्चना जोडलेल्या शाळांनी. तेथे ‘मेस्त’ म्हणजे गायनशिक्षक मुलांना प्रार्थना, सोल्फा आणि व्हायोलिन शिकवी आणि रविवारी त्यांच्याकडून मिस्सा गाऊन घेई. याच शिक्षणाच्या बळावर विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताला अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक आणि संयोजक मिळाले. वसईतही पोर्तुगीज काळापासून लॅटिन विधी होता, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तेथील मराठी भाषक ख्रिस्ती समाजाने उपासना मराठीत आणली. गोव्यातील मोटेटची परंपरा मात्र स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग मांडणाऱ्या प्रवचनांच्या आणि मिरवणुकांच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या या रचना स्थानिक धर्मगुरूंनी आणि मेस्तांनी केल्या. मजकूर आधी लॅटिन, पुढे कोकणीही. आवाज दोन किंवा तीन, अनेकदा तिसऱ्या स्वराच्या अंतराने समांतर चालणारे, आणि साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट व डबल बास. रोमच्या पॉलिफोनीशी त्यांची तुलना करून त्या साध्या ठरवणे सोपे आहे, परंतु त्या उघड्यावर, चालत्या जनसमुदायात आणि प्रवचनाने हेलावलेल्या श्रोत्यांसमोर गाण्यासाठी आहेत, आणि त्या कामाला तोच पोत लागतो. मिस्सेच्या मुख्य मजकुराबाहेरच्या भक्तिप्रसंगांशी जोडलेल्या असल्यामुळेच बहुधा १९६३ नंतरच्या बदलांतूनही त्या तगून राहिल्या. त्यांच्या कित्येक वह्या अजून हस्तलिखित स्वरूपात घरोघरी आणि चर्चच्या कपाटांत आहेत. त्यांची नीट नोंद होऊन, कोणती रचना कोणत्या दिवशी, कोणत्या प्रवचनानंतर आणि किती गायकांनी गायिली जाई ही माहिती स्वरलिपीसोबतच लिहून घेतली गेली पाहिजे, आणि ज्यांना ती तोंडपाठ आहे असे गायक हयात आहेत तोवर ते काम करणे शक्य आहे.